चोराचं कुत्रं

मंडळी, गेले दोन वीकांत इथे काही लिहिलं नाही. हापिसात रिलीज होतं, त्यामुळे शनिवार-रविवार कुठे गेले ते कळलंच नाही. आज मात्र सकाळपासून निवांत आहे, दोन कप चहा झालाय, आणि बरेच दिवस डोक्यात घोळणारा विषय एकदाचा लिहून काढतोय. विषय कुत्र्यांचा आहे. पण "माझा आवडता प्राणी" छाप निबंध नाही, इतिहास आहे. घाबरू नका, सनावळ्या लागतील तेवढ्याच देईन :)

२०२३ च्या पावसाळ्यानंतर कंपनीने मला सहा महिन्यांसाठी इंग्लंडला धाडलं होतं. यॉर्कशायरमधलं एक लहान गाव, आणि साठीच्या पुढच्या एका बाईंकडे वरच्या मजल्यावरची खोली. बाई अत्यंत प्रेमळ. मला, पोस्टमनला, दूधवाल्याला, सगळ्यांना सरसकट "लव्ह" म्हणायच्या. पहिल्या दिवशी मी चांगलाच दचकलो होतो. नंतर कळलं की ते आपल्या "बाळा"सारखं आहे. आणि त्यांच्याकडे पेगी होती.

पेगी म्हणजे लांब पायांची, वाघ्या रंगाची कुत्री. धड बघितलं तर ग्रेहाउंड: खोल छाती, आत गेलेलं पोट, चाबकासारखी शेपटी. डोकं बघितलं तर मात्र ही भलतीच कुणीतरी. रुंद कवटी, गालाचे स्नायू गच्च, नाकाडावर जुने पांढरे व्रण. कुणीतरी दोन वेगवेगळ्या फाइल्स मर्ज केल्या आणि कॉन्फ्लिक्ट न सोडवताच सेव्ह केलं, असं काहीसं. आईला फोटो पाठवला तर तिचं उत्तर, "हे कुत्रं आहे की वाघाचं पिल्लू? लांब राहा रे बाबा."

बाईंनी सांगितलं, ही "बुल-क्रॉस लर्चर" आहे. लर्चर हा शब्द मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. रात्री खोलीवर येऊन जालावर शोधायला बसलो, आणि त्या रात्री दोन वाजेपर्यंत जागा होतो. सकाळच्या स्टँडअप मीटिंगमध्ये माझी काय अवस्था होती ते विचारू नका.

तर लर्चर ही जात नाही, नुस्खा आहे. एका बाजूला नजरेने शिकार हेरून पळत जाऊन धरणारा कुत्रा, म्हणजे ग्रेहाउंड, व्हिपेट, डिअरहाउंड, सलुकी यांपैकी कुणीतरी. दुसऱ्या बाजूला कुठलातरी कामाचा कुत्रा: मेंढपाळांचा कॉली, किंवा टेरियर, किंवा बुल टेरियर. पहिल्याकडून वेग घ्यायचा आणि त्याच्यात जे कमी आहे ते दुसऱ्याकडून. (आपल्याकडे मुधोळ किंवा कारवानी कुत्री पाहिली असतील तर पहिला प्रकार कसा दिसतो ते लगेच कळेल. मुधोळ हे घोरपड्यांचं मराठा संस्थान, आता कर्नाटकात. पण ती शुद्ध नजरेची शिकारी कुत्री, लर्चर नव्हेत.) इंग्रजीत लर्चर या शब्दाचा जुना अर्थ दबा धरून बसणारा, भुरटा चोर. माणसाला लावायचा शब्द कुत्र्याला चिकटला, आणि का चिकटला हे समजायला थेट नॉर्मन राजांपर्यंत मागे जावं लागतं.

१०६६ मध्ये विल्यम इंग्लंड जिंकतो आणि मोठमोठी रानं राजाच्या शिकारीसाठी राखीव होतात. "फॉरेस्ट" म्हणजे झाडं असलेली जागा असं आपल्याला वाटतं. तेव्हा त्याचा अर्थ होता राजाचा वेगळा कायदा चालतो तो मुलूख. आत गावं होती, शेतं होती, माणसं राहत होती, पण हरीण राजाचं. मग त्या माणसांच्या कुत्र्यांचं काय करायचं? उत्तर भयंकर होतं. राखणीच्या मोठ्या कुत्र्याच्या पुढच्या पायाची तीन बोटं तोडायची, म्हणजे तो भुंकेल पण हरणामागे धावू शकणार नाही. १२१७ च्या फॉरेस्ट चार्टरमध्ये हे रद्द झालं नाही, नुसतं नियमात बसवलं: तपासणी दर तीन वर्षांनी, बोटं तीनच, पंज्याची गादी कापायची नाही, आणि ज्याच्या कुत्र्याची बोटं शाबूत सापडतील त्याला तीन शिलिंग दंड. आणि ही चार्टर लोकांना दिलेली सवलत म्हणून ओळखली जाते! न्यू फॉरेस्टमधल्या लिंडहर्स्टला एक जुनी रिकीब टांगलेली आहे. तिच्यातून जो कुत्रा आरपार जाईल तो लहान, त्याची बोटं वाचली, असं सांगतात. रिकिबीला नाव राजा रूफसचं, जो ११०० मध्ये त्याच रानात बाण लागून मेला. प्रत्यक्षात ती ट्यूडर काळातली आहे, म्हणजे चारशे वर्षं उशिराची. असो.

पुढचा टप्पा मला फार आवडला, कारण त्यात सरकारच्या मनातली भीती स्पष्ट दिसते. १३८१ मध्ये इंग्लंडात शेतकऱ्यांचं मोठं बंड झालं. नऊ वर्षांनी, १३९० मध्ये, पार्लमेंटने ठरवलं की ज्याची जमीन वर्षाला चाळीस शिलिंगांपेक्षा कमी उत्पन्नाची आहे त्याने ग्रेहाउंड किंवा शिकारीचा कुठलाही कुत्रा पाळायचा नाही. कारण काय दिलं? तर कारागीर, मजूर, नोकर वगैरे मंडळी सणाच्या दिवशी, भले ख्रिस्ती लोक चर्चमध्ये असताना, शिकारीला जातात, आणि शिकारीच्या नावाखाली जमून बंडाच्या मसलती करतात. थोडक्यात, चार गरीब माणसं कुत्रं घेऊन रानात भेटली की राजाला झोप नाही.

१६७१ मध्ये तर कमाल झाली. आता शिकारीचा हक्क हवा तर वर्षाला शंभर पाउंड उत्पन्नाची स्वतःची जमीन हवी. पार्लमेंटला मत द्यायला चाळीस शिलिंग, म्हणजे दोन पाउंड उत्पन्न पुरत होतं. म्हणजे खासदार निवडायला जेवढी लायकी लागते त्याच्या पन्नास पट लायकी एक तित्तिर मारायला! (हा हिशोब माझा नाही, अठराव्या शतकातला प्रसिद्ध कायदेपंडित ब्लॅकस्टोन याने तो मांडून ठेवलाय.) ज्याच्याकडे ही लायकी नाही त्याच्या घरात शिरून रखवालदाराने काय काय जप्त करायचं याची लांबलचक यादी त्या कायद्यात आहे: बंदुका, धनुष्यं, ग्रेहाउंड, जाळी, फासे... आणि त्या यादीत लर्चर नावानिशी आहे.

हे महत्त्वाचं का? कारण लर्चरप्रेमी लोक हमखास एक गोष्ट सांगतात: गरिबाला ग्रेहाउंड ठेवता येत नव्हता म्हणून त्याने मिश्र कुत्रा काढला, तो कायद्याच्या व्याख्येत बसत नव्हता, अशी पळवाट. गोष्ट छान आहे. पण निदान १६७१ पासून तरी ती पळवाट कागदावर बुजलेली होती. त्यानंतर लर्चर टिकला तो एका वेगळ्याच गुणावर. तो दिसायला गबाळा होता. थॉमस बेविक या न्यूकॅसलच्या लाकूडचित्रकाराने १७९० मध्ये चतुष्पाद प्राण्यांवर पुस्तक काढलं, त्यात लर्चर आहे. ग्रेहाउंडपेक्षा लहान, पाय जाड, केस राठ, रंग फिक्कट पिवळा, चेहरा घुम्या. रात्री सशांच्या कुरणात दबकत जातो आणि अजिबात आवाज न करता झडप घालतो, असं त्याचं वर्णन. आवाज न करता, हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

पकडलं गेलं तर काय व्हायचं? १७२३ च्या ब्लॅक अॅक्टखाली तोंडाला काळं फासून हरीण मारायला गेलेल्याला फाशी होऊ शकत होती. १८२८ च्या रात्रीच्या चोरट्या शिकारीच्या कायद्यात पहिल्या गुन्ह्याला तीन महिने सक्तमजुरी, दुसऱ्याला सहा, आणि तिसऱ्यांदा सापडला तर सात वर्षं काळं पाणी. सशासाठी! घरी चार पोरं उपाशी असलेल्या मजुराने असला धोका पत्करायचा तर कुत्रं कसं हवं? मुकं, आज्ञाधारक, चपळ, आणि रखवालदार दिसला की मालकाला ओळखसुद्धा न दाखवणारं. आणि आणलेला ससा हातात देईपर्यंत फाटता कामा नये, कारण चेंदामेंदा झालेला ससा बाजारात कुणी घेत नाही. या कामाला बुलडॉगचं रक्त कशाला लागेल?

नाहीच लागत. ते रक्त वेगळ्याच दाराने आलं, आणि ते दार एका लॉर्डाच्या वाड्याचं होतं.

जॉर्ज वॉलपोल, ऑर्फर्डचा तिसरा अर्ल. आजोबा रॉबर्ट वॉलपोल म्हणजे ब्रिटनचे पहिले पंतप्रधान. नातवाने आजोबांनी जमवलेली अप्रतिम चित्रं १७७९ मध्ये रशियाच्या कॅथरिनला विकून टाकली, यावरून स्वभाव कळेल. गाडीला घोड्यांऐवजी चार नर हरणं जुंपून हा गृहस्थ हिंडायचा, आणि एकदा शिकारी कुत्र्यांचा तांडा त्या गाडीच्या मागे लागला, असा किस्सा सांगतात. मला तर हा माणूस पुलंच्या हाती लागायला हवा होता असं वाटतं. याचं खरं वेड ग्रेहाउंडची शर्यत. ही शर्यत आजच्या ट्रॅकवरची नाही: मोकळ्या माळावर खरा ससा सोडायचा, दोन कुत्री सोडायची, आणि ससा कुठल्या कुत्र्याने किती वळवला यावर गुण. १७७६ मध्ये त्याने नॉरफोकमधल्या स्वाफमला यासाठी क्लब काढला, इंग्लंडातला पहिला. सभासद इंग्रजी मुळाक्षरांएवढेच, प्रत्येकाला एक अक्षर. (नेमस्पेसची सोय! माणूस आमच्यातला होता.)

ऑर्फर्डला वाटलं, आपल्या कुत्र्यांत वेग आहे पण जिद्द नाही. चढ लागला, ससा दोनदा निसटला की सोडून देतात. म्हणून त्याने ग्रेहाउंडमध्ये बुलडॉग मिसळला. आजचा चपट्या नाकाचा घोरणारा बुलडॉग डोळ्यांसमोर आणू नका. तेव्हाचा बुलडॉग उंच, काटक, बैलाच्या नाकाला लोंबकळणारा खाटीकवाड्यातला कुत्रा होता. मग होणारी पिल्लं पुन्हा ग्रेहाउंडशी, त्यांची पिल्लं पुन्हा ग्रेहाउंडशी. सातव्या पिढीपर्यंत बुलडॉगचं रूप पूर्ण गेलं आणि हट्ट तेवढा राहिला, असं जुन्या पुस्तकांत लिहिलंय.

इथे माझ्यातला इंजिनिअर जागा झाला. पहिल्या पिढीत अर्धं रक्त, दुसरीत पाव... सातवीत एक भागिले १२८. म्हणजे ०.७८ टक्के! एवढ्याशा रक्तात हट्ट टिकेल? नुसतं पातळ करत गेलं तर नाही टिकणार. पण ऑर्फर्ड नुसतं पातळ करत नव्हता, दर पिढीत निवडत होता. ज्या पिल्लात जिद्द दिसेल तेच पुढे न्यायचं. बाकी सगळा कोड रीराइट झाला तरी एक फंक्शन दरवेळी टेस्ट करून राखून ठेवलं, तर ते टिकू शकतं. चार्ल्स डार्विनलाही हे उदाहरण पटलं होतं. १८५९ च्या त्याच्या ग्रंथात, उपजत प्रेरणांच्या प्रकरणात, एकाच वाक्यात तो दोन गोष्टी सांगतो: बुलडॉगच्या संकराने ग्रेहाउंडमध्ये पुढच्या अनेक पिढ्या धैर्य आणि हट्ट उतरला, आणि ग्रेहाउंडच्या संकराने धनगरी कुत्र्यांच्या एका कुळात ससे मारायची ओढ आली. आता दुसरं उदाहरण म्हणजे कॉली लर्चरच की हो! लॉर्डाचा कुत्रा आणि चोराचा कुत्रा एकाच वाक्यात शेजारी शेजारी.

१८३५ मध्ये ब्रिटनने बैलांवर कुत्री सोडायचा खेळ आणि कुत्र्यांच्या झुंजी कायद्याने बंद केल्या. बुलडॉग बेकार झाला. टेरियरशी मिसळून त्याचे बुल-टेरियर झाले. बर्मिंगहॅमच्या जेम्स हिंक्सने १८६० च्या दशकात त्यातून पांढराशुभ्र, प्रदर्शनात मिरवायचा बुल टेरियर काढला, तर खाणी आणि भट्ट्यांच्या भागातल्या कामगारांकडचा बुटका प्रकार १९३५ मध्ये स्टॅफर्डशायर बुल टेरियर म्हणून केनेल क्लबच्या यादीत आला. लर्चर पाळणारे लोक याच वस्त्यांतले. ग्रेहाउंड आणि बुल टेरियर एकाच गल्लीत राहायला लागल्यावर पुढचं सांगायला नको.

आता मूळ प्रश्न. कामाचा कुत्रा म्हणून बुल-क्रॉस चांगला की वाईट?

जमेची बाजू आधी, कारण ती खरोखर जमेची आहे. ग्रेहाउंड ताशी साठ किलोमीटरच्या वर जातो. एका ढांगेत दोनदा त्याचे चारही पाय हवेत असतात. पण त्याची कातडी कागदासारखी, आणि शिकार उलटून चावली तर बरेच ग्रेहाउंड सरळ माघार घेतात. (शहाणे आहेत.) कोल्हा उलटून चावतो. हरीण लाथ मारतं. मेंढपाळाच्या कोकरांवर कोल्हा टपला असेल आणि शेतकऱ्याला तो एका कुत्र्याकडून, पटकन, संपवून हवा असेल, तर बुलचं रक्त कामी येतं. जबडा रुंद, मान जाड, आणि मुख्य म्हणजे दुखापतीची पर्वा नाही. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रात्री बॅटरीच्या झोतात शिकार करायची पद्धत वाढली. त्यात धाव छोटी, झटापट मोठी. तिथे असलं कुत्रं चपखल बसलं.

आणि तोटे? वजन. जाड छाती-खांद्यांचा कुत्रा सरळ रेषेत येतो तोफगोळ्यासारखा, पण ससा वळला की हा दहा पावलं पुढे निघून जातो. दम कमी, लवकर तापतो. कॉली-क्रॉस एकदा सांगितलं की ऐकतो, किंबहुना सांगायच्या आधी ऐकतो. बुल-क्रॉसला तीच गोष्ट दहादा सांगा, तो प्रेमाने तुमच्याकडे बघेल. टेरियरचं रक्त असल्यामुळे काही कुत्री पळताना ओरडतात, म्हणजे बेविकचा तो मुका गुण गेला. तोंड कडक, त्यामुळे ससा हातात येईपर्यंत खिमा. दुसऱ्या कुत्र्यांशी भांडण. आणि सगळ्यात मोठा तोटा तोच जो सगळ्यात मोठा गुण: थांबत नाही. काटेरी तार लागली, खांदा फाटला, तरी थांबत नाही. शरीर ग्रेहाउंडचं, नाजूक. हुकूम देणारं डोकं बुलचं. मर्यादेचं भान ठेवणारा चेकच मुळी काढून टाकलाय. आपल्याकडे असं सॉफ्टवेअर लिहिलं तर रिव्ह्यूमध्येच मार बसेल. इथे त्याला धैर्य म्हणतात.

पेगीच्या नाकाडावरचे व्रण कशाचे ते बाईंना ठाऊक नव्हतं. निराधार कुत्र्यांच्या निवाऱ्यातून आणली तेव्हापासून होते. माझा अंदाज कोल्ह्याचा किंवा बिज्जूसारख्या बॅजरचा. बॅजरवर कुत्री सोडणं १८३५ पासूनच गुन्हा, पण चोरून चालतं ते चालतंच.

आता यातली खरी गंमत (गंमत कसली म्हणा). इंग्लंड आणि वेल्समध्ये १८ फेब्रुवारी २००५ पासून कुत्र्यांनी कोल्हा, हरीण, माळावरचा ससा मारणं बंद झालं. ऑर्फर्डचा खेळही त्याच दिवशी संपला. १८३६ पासून चालत आलेला वॉटर्लू कप त्याच महिन्यात शेवटचा झाला. सूट कुणाला? उंदीर-घुशींना, आणि बिळात राहणाऱ्या सशांना, जमीनमालकाची परवानगी असेल तर. (इंग्रजीत हेअर वेगळा, रॅबिट वेगळा. आपण दोघांनाही ससाच म्हणतो. आपल्या माळावरचा रानससा हा खरं तर हेअर.) म्हणजे ज्या कामासाठी बुलचं रक्त घातलं ती सगळी कामं बेकायदा, आणि जे एक काम शिल्लक आहे, लहानसा, झटक्यात वळणारा ससा हळुवार धरून आणायचं, त्यात हा कुत्रा सगळ्यात कच्चा. स्पेसिफिकेशन रद्द झालं, प्रॉडक्ट मात्र चार पायांवर उभं आहे आणि जेवायला मागतंय. निवाऱ्यांमध्ये लर्चर भरपूर दिसतात ते उगीच नाही.

आणि भरीस भर म्हणजे १९९१ चा धोकादायक कुत्र्यांचा कायदा. त्यात बंदी आईबापांवरून ठरत नाही, दिसण्यावरून ठरते. कुत्रं पिटबुल "टाइप"चं दिसलं तर ते तसं नाही हे सिद्ध करायची जबाबदारी मालकाची. मी तिथे असतानाच सरकारने एक्सएल बुली हा प्रकार या यादीत घातला. ३१ डिसेंबर २०२३ पासून विक्री आणि पैदास बंद, १ फेब्रुवारी २०२४ पासून सवलतीच्या दाखल्याशिवाय बाळगणं गुन्हा. पेगी काही एक्सएल बुली नव्हती. तिच्या कमरेत माझे दोन हात मावले असते. पण त्या डिसेंबरमध्ये गावातली माणसं तिचं डोकं बघून रस्ता ओलांडायला लागली. रोज हाक मारणारे एक आजोबा होते, त्यांनीही नातवाला मागे ओढलं. बाई काही बोलल्या नाहीत, नुसता पट्टा आखूड धरला.

मला सारखं १३९० आठवत होतं. आणि ती रिकीब. तेव्हा कुत्र्याचं माप घ्यायचे, आता डोक्याचा घेर बघतात. पण घाईने निकाल देणंही बरोबर नाही. बंदी आली ती माणसं, लहान मुलं मेली म्हणून आली होती. नॉर्मन राजाला हरणं वाचवायची होती. हा फरक लहान नाही, आणि त्या आजोबांच्या जागी मी असतो तर मीही भाच्याला मागेच ओढलं असतं. पेगीला ओळखत नसतो तर.

जानेवारीत एकदा मी तिला गावाबाहेरच्या कुरणात घेऊन गेलो. परवानगी होती. कुंपणाजवळ ससा बसला होता. मला दिसायच्या आधी तिला दिसला. पट्टा हातातून कधी गेला कळलंच नाही. पहिली पन्नास पावलं... काय सांगू, असलं काही मी आयुष्यात पाहिलेलं नाही. जमिनीला लागतच नव्हती ती. मग ससा कुंपणाच्या अलीकडे काटकोनात वळला, आणि पेगी तशीच सरळ जाऊन झुडपात घुसली. ससा बिळात गडप. मी धापा टाकत पोचलो तर कानाला ओरखडा, रक्त येतंय, आणि ही बाई शेपटी हलवत दुसऱ्या सशाच्या शोधात. लंगडत होती. तरी ओढत होती. घरी न्यायला मला अर्धा तास लागला, आणि बाईंना काय सांगायचं ते ठरवायला तो अर्धा तास पुरला नाही.

बाईंनी मला रागावलं नाही. कान धुतला, औषध लावलं, आणि स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या खणातून एक प्लॅस्टिकची पिशवी काढून मला दाखवली. निवाऱ्याने दिलेला कागद होता: लर्चर, मादी, वाघ्या रंग, नसबंदी झालेली. "पुन्हा हिला बाहेर नेशील तेव्हा हा खिशात ठेवत जा, लव्ह," म्हणाल्या, "कुणी विचारलं तर." पेगी तोवर टेबलावरचा माझा टोस्ट घेऊन गेली होती. अजिबात आवाज न करता.